पंखावरचे कापड आणि राष्ट्राचे बळ

पहिल्या महायुद्धाचा इतिहास वाचताना खंदक, तोफा, काटेरी तारा आणि विषारी वायू यांची वर्णने सामान्यतः समोर येतात. विमानांचा विषय निघालाच, तर तो वैमानिकांच्या शौर्यकथांपाशी थांबतो. ती विमाने ज्या कापडाने मढविलेली होती, त्या कापडाकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः १९१७ नंतरच्या जर्मन विमानांवरील कापड हा त्या काळातील विज्ञान, उद्योग आणि लष्कर यांच्या एकत्रित विचाराचा बोलका नमुना होता. कापडाच्या गिरणीत छापलेल्या बहुरंगी आकृत्यांनी विमानाला आकाशात आणि जमिनीवर शत्रूच्या नजरेआड करावे, अशी त्यामागील कल्पना होती. ही कल्पना कशी जन्मली, ती कोणत्या पायावर उभी होती आणि इतके करूनही ते राष्ट्र का हरले, हे तिन्ही प्रश्न आजच्या भारताने अभ्यासावेत असे आहेत. राष्ट्राचे बळ नेमके कशात असते, याचे उत्तर कधी कधी तोफेच्या तोंडापेक्षा कापडाच्या तुकड्यावर अधिक स्पष्ट वाचता येते.

रंगाचे ओझे

त्या काळचे विमान म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले तागाचे कापड. कापड सांगाड्याला शिवले जाई आणि मग त्यावर सेल्युलोजपासून केलेल्या द्रावणाचे हात दिले जात. या लेपाला वैमानिकी परिभाषेत ‘डोप’ म्हणतात. लेप वाळताना कापड आकसून ढोलकीच्या चामड्यासारखे ताठ होई आणि पाणी व वारा यांना दाद देत नसे. युद्धाच्या प्रारंभी अशी विमाने कापडाच्या मूळ रंगातच, म्हणजे फिकट सायीच्या रंगात उडत. तेव्हा विमानाचे मुख्य काम टेहळणीचे होते. त्याला लपविण्याची फारशी निकड भासत नव्हती.

परंतु १९१५ नंतर आकाशातच लढाया सुरू झाल्या. शत्रूचे विमान वरून झडप घालू लागले. हिरव्या-तपकिरी भूमीच्या पार्श्वभूमीवर सायीच्या रंगाचा पंख दुरूनही उठून दिसे. तळावर उभ्या असलेल्या विमानांची तीच स्थिती होती. तेव्हा १९१६ मध्ये जर्मन विमानांच्या पंखांवर हिरवा, तपकिरी आणि जांभळट रंगाचे मोठे पट्टे रंगविण्यास प्रारंभ झाला. उपाय योग्य होता, पण त्याची किंमत होती. रंगाला वजन असते. ज्या विमानाचे इंजिन जेमतेम दीडशे ते दोनशे अश्वशक्तीचे, त्याच्या पंखांवर रंगाचे अनेक हात म्हणजे चढण्याच्या वेगात घट. शिवाय रंगकामाला मनुष्यबळ लागे, वेळ लागे, आणि युद्धकाळात या दोन्हींचा तुटवडा होता.

यापूर्वी जर्मन आणि ऑस्ट्रियन तंत्रज्ञांनी आणखी एक धाडसी प्रयोग करून पाहिला होता. कापडाऐवजी ‘सेलॉन’ नावाच्या पारदर्शक पदार्थाने विमान मढविले तर ते दिसणारच नाही, अशी ती कल्पना. युद्धापूर्वी ‘टाउबे’ या विमानावर आणि पुढे १९१६ मध्ये फोकर विमानावर हा प्रयोग झाला. प्रत्यक्षात उलटेच घडले. ऊन पडले की हा पदार्थ आरशासारखा चमके आणि विमान अधिकच नजरेत भरे. तो लवकर पिवळा पडे आणि दमट हवेत सैल होई. लिंके-हॉफमान कंपनीने बांधलेल्या एका अवाढव्य विमानाच्या मागच्या भागावर हेच आवरण वापरले होते. ते विमान १९१७ मध्ये हवेतच मोडून पडले. अदृश्य होण्याचा सोपा मार्ग नाही, हा धडा जर्मनांनी त्यातून घेतला आणि ते पुन्हा कापडाकडे वळले.

शंकरपाळ्यांचे कापड

१९१७ मध्ये जर्मन लष्कराच्या विमानविभागाने निवडलेला मार्ग साधा, पण कल्पक होता. रंग कापडावर फासण्याऐवजी कापडच रंगीत छापून घ्यायचे. चिटाचे कापड जसे रुळांवर छापले जाते, त्याच पद्धतीने तागाच्या लांबलचक ताग्यांवर अनेक बाजूंच्या आकृत्या छापल्या गेल्या. मराठी घरात शंकरपाळ्यांचा डबा उलटा करावा आणि वेडेवाकडे तुकडे एकमेकांना चिकटून पसरावेत, तशी ती रचना दिसे. एका प्रकारात पाच रंग होते, दुसऱ्यात चार. पंखाच्या वरच्या बाजूसाठी गडद निळा, जांभळा, हिरवा आणि मातकट छटा, तर खालच्या बाजूसाठी फिकट निळा, गुलाबी आणि पिवळसर छटा, असे दोन वेगळे तागे असत.

यामागे दोन शास्त्रीय तत्त्वे होती. पहिले तत्त्व निसर्गातले. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढुरके असते. माशांचेही तसेच. वरून पाहणाऱ्याला पाठ जमिनीत मिसळून जाते आणि खालून पाहणाऱ्याला पोट आकाशात विरते. ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने प्राण्यांच्या या रंगरचनेचा दीर्घ अभ्यास केला होता आणि १९०९ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. दुसरे तत्त्व मानवी दृष्टीचे. भिन्न रंगांचे लहान लहान ठिपके जवळून वेगळे दिसतात, पण अंतर वाढले की डोळा त्यांची सरमिसळ करतो आणि एकच धूसर छटा पाहतो. फ्रान्समधील ठिपक्यांच्या चित्रशैलीने हे तत्त्व कलेत आणले होते. आपल्याकडील विणकरांना ते त्याही आधीपासून ठाऊक होते. धूपछाव लुगड्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, पण नेसल्यावर तिसराच रंग झळकतो. पंखावरील जांभळ्या-निळ्या-हिरव्या तुकड्यांनी दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत अशीच सरमिसळ करावी, ही अपेक्षा होती.

या कामात चित्रकारांचाही वाटा होता, हे लक्षणीय आहे. जर्मन चित्रकार फ्रांझ मार्क याने १९१६ च्या आरंभी तोफा झाकण्याच्या मोठ्या ताडपत्र्यांवर ठिपक्यांच्या शैलीत रंगकाम केले. विमानातून पाहणाऱ्या शत्रूला तोफा दिसू नयेत, हा हेतू. त्याच वर्षी ४ मार्च रोजी तो व्हर्दूनच्या रणभूमीवर मारला गेला. फ्रेंचांनी तर १९१५ मध्येच चित्रकारांचे स्वतंत्र पथक छद्मावरणाच्या कामासाठी उभारले होते. आज जगभर रूढ असलेला ‘कॅमोफ्लाज’ हा शब्द मूळचा फ्रेंचच आहे.

छापील कापडाचे व्यावहारिक लाभ मोठे होते. रंगाचे वजन जवळजवळ नाहीसे झाले. कारखान्यात रंगकामाला लागणारे तास वाचले. कापड पंखावर कसेही बसविले तरी आकृत्यांची मांडणी प्रत्येक विमानावर वेगळी होई. वरून फक्त पारदर्शक लेप दिला की काम पूर्ण. आघाडीवर गोळ्यांनी फाटलेला पंख दुरुस्त करायचा तर त्याच ताग्यातील तुकडा लावता येई. रात्री बॉम्बफेक करणाऱ्या अवजड विमानांसाठी गडद निळ्या, जांभळ्या, काळसर छटांच्या षट्कोनांची रचना होती. त्यांतील ‘श्टाकेन’ या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ४२ मीटर होता. समुद्रावरील विमानांसाठी नौदलाने स्वतंत्र षट्कोनी नमुना ठरविला. भूमी, सागर आणि रात्र यांचा वेगवेगळा विचार केला गेला, हेच या योजनेचे मर्म होते.

ब्रिटिशांनी याच काळात दुसरा मार्ग धरला. त्यांनी पिवळी माती आणि काजळी यांच्या मिश्रणाचा खाकी-तपकिरी लेप विमानाच्या वरच्या बाजूवर दिला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ‘खाकी’ हा शब्द आणि ती वेशपद्धती इंग्रजांना भारताने दिली. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे वापरले आणि लाल डगल्यात मिरविणाऱ्या इंग्रजी फौजेला भूमीशी एकरूप होण्याचे शहाणपण शिकविले. १९ व्या शतकाच्या अखेरीस ते साम्राज्यभर पसरले. संघाच्या गणवेशात २०१६ पर्यंत असलेली खाकी याच भूमीच्या धुळीचा रंग सांगत होती.

गिरणीमागची प्रयोगशाळा

हे कापड जर्मनीत इतक्या सहजतेने का छापले गेले? कारण रंगाच्या शास्त्रात आणि उद्योगात त्या काळी जर्मनीची बरोबरी करणारे राष्ट्रच नव्हते. गंमत अशी की कृत्रिम रंगाचा पहिला मोठा शोध इंग्लंडमध्ये लागला होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये क्विनाइन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन साधले नाही, पण डांबरापासून निघालेल्या द्रव्यातून सुंदर जांभळा रंग मिळाला. त्याचे गुरू हॉफमान हे जर्मन होते आणि १८६५ मध्ये ते बर्लिनला परतले. शोध इंग्लंडचा, पण त्यावर उद्योग उभारला जर्मनीने. विद्यापीठातील रसायनशाळा आणि कारखान्यातील भट्टी यांच्यात तेथे भिंत नव्हती. संशोधकाला कारखान्यात मान होता आणि कारखानदाराला संशोधनाची दीर्घ प्रतीक्षा करण्याची तयारी होती. इंग्लंडमधील भांडवल मात्र तत्काळ नफ्याच्या मागे लागले आणि पहिल्या शोधाचा लाभ त्या देशाने आपल्या हाताने गमावला.

या जर्मन प्रयोगशाळांचा फटका भारताच्या खेड्यापर्यंत पोहोचला. शेकडो वर्षे जगाला नीळ पुरविणारा देश भारत होता. ‘इंडिगो’ या नावातच भारताचे नाव आहे. १८९७ मध्ये ‘बीएएसएफ’ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पाहता पाहता भारतीय निळीची मागणी कोसळली. बिहारमधील गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेच्या माथी मारला. तीनकठियाच्या जाचातून सोडविण्याच्या बदल्यात त्यांनी वाढीव सारा आणि नुकसानभरपाई शेतकऱ्यांकडून वसूल केली. चंपारणच्या असंतोषाचे एक मूळ असे राइन नदीकाठच्या रसायनशाळेत होते. १९१७ मध्ये जर्मन गिरण्या विमानाचे कापड छापीत होत्या आणि त्याच वर्षी गांधीजी चंपारणच्या रयतेची गाऱ्हाणी लिहून घेत होते. ज्या समाजाने निळीचे शास्त्र जगाला दिले, तो ते शास्त्र पुढे नेऊ शकला नाही, कारण त्याच्या हाती सत्ता नव्हती, प्रयोगशाळा नव्हती आणि आपल्या कारागिराच्या ज्ञानाला विद्यापीठात स्थान देणारी व्यवस्था नव्हती. पारतंत्र्याची हानी केवळ लुटलेल्या संपत्तीत मोजली जाते. खुंटलेल्या ज्ञानाची मोजदाद कोणी करीत नाही.

इंग्लंडलाही आपल्या आळसाची किंमत मोजावी लागली. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा त्या देशात लागणारे बहुतांश कृत्रिम रंग जर्मनीहून येत होते. ज्या शत्रूशी लढायचे, त्याच्याच रंगावर सैनिकांच्या गणवेशाचे कापड अवलंबून, अशी लाजिरवाणी अवस्था झाली. धावाधाव करून सरकारला १९१५ मध्ये ‘ब्रिटिश डाइज’ ही कंपनी उभी करावी लागली, आणि ज्या भारतीय निळीला बाजाराने झिडकारले होते, तिला काही काळ पुन्हा मागणी आली. साम्राज्याचा सूर्य मावळत नाही म्हणणारे राष्ट्र एका रंगाच्या पुडीसाठी अगतिक झाले. परावलंबन नेहमी मोठ्या दरवाज्यातूनच येते असे नाही. ते पुष्कळदा अशा लहानशा फटीतून आत शिरते.

तंत्र श्रेष्ठ, तरीही पराभव

एवढे सारे असूनही जर्मनी हरला, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. त्या बहुरंगी कापडाने मढविलेले ‘फोकर डी-७’ हे विमान १९१८ मध्ये आघाडीवर आले. ते इतके सरस ठरले की ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदी करारात जर्मनीने जी १,७०० विमाने दोस्तांच्या स्वाधीन करायची होती, त्यांत सर्व ‘डी-७’ विमानांचा नाव घेऊन उल्लेख केला गेला. शत्रूने आपल्या शस्त्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र देणे अवघड. पुढे कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील नोल्टन या छोट्या गावाच्या संग्रहालयात असेच एक विमान गेले, आणि त्याचे मूळ छापील कापड तेथे आजही पाहावयास मिळते.

परंतु उत्तम विमान असून ते उडवायला पुरेसे इंधन नव्हते. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने रबर, तांबे, कापूस आणि अन्नधान्य यांचा पुरवठा तोडला होता. शहरांतील माणसे अर्धपोटी होती. अमेरिका युद्धात उतरल्यावर मनुष्यबळाचे पारडे पुरते झुकले. एकाच वेळी इतक्या राष्ट्रांशी वैर पत्करणारी राजनीती आंधळी होती आणि ती चूक कोणत्याही गिरणीतील कापडाने झाकली जाणार नव्हती. तंत्रज्ञान हे धोरणाच्या हातातील आयुध असते. हात चुकीच्या दिशेला वळला तर आयुधाची धार काय कामाची?

दुसरा धडा याहून गंभीर आहे. ज्या रंगउद्योगाने पंखांवरील कापड रंगविले, त्याच उद्योगातील क्लोरीन २२ एप्रिल १९१५ रोजी ईपरच्या रणभूमीवर सोडण्यात आला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनचे भारतीय जवान त्या आघाडीवर प्रतिहल्ल्यासाठी धाडले गेले. विषारी वायूपासून बचावाचे धड साधनही त्यांच्यापाशी नव्हते. पुढे १९२५ मध्ये हे मोठे कारखाने ‘आय. जी. फार्बेन’ या नावाखाली एकत्र आले, आणि दुसऱ्या महायुद्धात याच संस्थेने ऑशविट्झच्या छळछावणीतील कैद्यांना गुलामासारखे राबवून कारखाना उभारला. रसायनशास्त्र तेच, शिस्त तीच, कार्यक्षमताही तीच. हरवली होती ती मर्यादा.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गात जर्मन शिस्तीविषयी एक जुने आकर्षण आहे. जर्मन यंत्र, जर्मन वक्तशीरपणा, जर्मन चिकाटी यांचे गोडवे अनेक घरांतून गायले गेले. त्यातील गुणग्रहण योग्यच आहे. पण गुणग्रहण करताना डोळे मिटून घेणे योग्य नाही. आपल्या परंपरेने शक्तीची उपासना सांगितली ती शीलासह. शीलाविना शक्ती उन्मत्त होते आणि शेवटी स्वतःचाच घास घेते, हे रावणाच्या कथेतून या देशातील लहान मूलही शिकते. जर्मनीने ते शिकण्यासाठी दोन महायुद्धांची किंमत मोजली.

त्या आकाशातील आपली माणसे

या कापडाचा आणि भारताचा संबंध केवळ निळीपुरता नाही. त्या बहुरंगी पंखांच्या समोर भारतीय तरुण उभे ठाकले होते. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख भारतीय विविध आघाड्यांवर गेले आणि ७४ हजारांच्या आसपास परत आले नाहीत. त्यांत वैमानिक मात्र बोटांवर मोजण्याइतकेच. कारण हिंदी माणसाला अधिकारपदाची सनद देण्यास इंग्रज सरकार राजी नव्हते. हरदितसिंग मलिक हे ऑक्सफर्डचे पदवीधर, पण त्यांनाही आरंभी नकार मिळाला आणि फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. १९१७ मध्ये अखेर वैमानिक म्हणून त्यांची निवड झाली. त्यांनी आपली पगडी सोडली नाही. तिच्यावर बसेल असे मोठे शिरस्त्राण खास करून घेतले. ऑक्टोबर १९१७ मध्ये ते हवाई लढाईत जखमी झाले, वाचले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले.

कोलकात्याच्या इंद्रलाल रॉय याला दृष्टिदोषाचे कारण देऊन नाकारले गेले. त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशात नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली आणि निर्णय फिरवून घेतला. ६ ते १९ जुलै १९१८ या अवघ्या १४ दिवसांत त्याच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलै रोजी फ्रान्समधील कार्व्हँ गावाजवळ जर्मन फोकर विमानांशी झुंजताना तो पडला. वय १९ वर्षे. ज्या ‘डी-७’ विमानांशी तो अखेरचा लढला, ती याच छापील कापडाने मढविलेल्या जातीची होती. मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळविणारा तो पहिला भारतीय. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९८ मध्ये, टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले.

आणि मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर? २३ व्या स्क्वाड्रनमधून ‘डॉल्फिन’ विमान उडविणारा हा तरुण जून १९१८ च्या अखेरीस हवाई मोहिमेत जबर जखमी झाला आणि ३० जून रोजी शत्रूच्या मुलखात मृत्यू पावला. फ्रान्समधील हँगार येथे त्याची समाधी आहे. रॉयचे नाव निदान अभ्यासकांना ठाऊक आहे. वेलिणकरांचे नाव महाराष्ट्रातील किती शाळांतील किती मुलांच्या कानावर गेले असेल?

हे तरुण परकीय निशाणाखाली लढले, म्हणून त्यांचा विसर पडू द्यावा, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. लोकमान्य टिळकांची त्या काळातील भूमिका येथे आठवावी. १९१८ मध्ये महाराष्ट्रातून पाच हजार जवान उभे करण्याची तयारी त्यांनी दाखविली आणि तारण म्हणून पन्नास हजार रुपयांचा धनादेश गांधीजींकडे पाठविला. अट एकच होती. हिंदी जवानाला अधिकारपदाचा हक्क मिळाला पाहिजे. लष्करी विद्या हाती आल्याखेरीज स्वराज्य टिकत नाही, हे त्या द्रष्ट्या नेत्याने ओळखले होते. मलिक, रॉय आणि वेलिणकर यांनी हेच ज्ञान प्राण पणाला लावून मिळविले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या भारतीय वायुदलाची वाट अशा मोजक्या माणसांनी आधी तुडविली होती.

आजचा प्रश्न

छद्मावरणाचे शास्त्र पुढे कितीतरी विकसित झाले. संगणकाच्या साहाय्याने आखलेले चौकोनी ठिपक्यांचे नमुने कॅनडा आणि अमेरिका यांच्या सैन्यांनी वापरात आणले. तरी मूळ तत्त्व तेच राहिले. चूकही तशीच होऊ शकते. अमेरिकन भूसेनेने २००४ नंतर वाळवंट, जंगल आणि शहर या साऱ्यांसाठी एकच नमुना स्वीकारला. अफगाणिस्तानात तो कामाला आला नाही, तेव्हा २०१० मध्ये तेथील सैनिकांना वेगळे कपडे द्यावे लागले आणि २०१५ पासून तो नमुनाच मागे घेण्यास सुरुवात झाली. जर्मनांना १९१७ मध्ये जे उमगले होते, ते विसरण्याची ही शिक्षा होती. प्रत्येक भूमीचा रंग वेगळा असतो आणि तो त्या भूमीवर जाऊनच पाहावा लागतो.

भारतीय भूसेनेने १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नवा लढाऊ गणवेश प्रथमच संचलनात आणला. ‘निफ्ट’ या आपल्याच वस्त्रविद्या संस्थेच्या साहाय्याने तो तयार झाला आणि त्याच्या नमुन्याचे हक्क सेनेने स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. पाठशाळा आणि छावणी यांनी एकत्र बसून एक प्रश्न सोडविला, याचा आनंद प्रत्येक देशप्रेमी माणसाला झाला पाहिजे. आकाराने ही घटना लहान आहे, पण तिच्यातील पद्धत मोलाची आहे.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूकडेही निर्भयपणे पाहिले पाहिजे. ‘तेजस’ हे आपण घडविलेले विमान ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम आकाशात झेपावले. त्याचा अभिमान रास्त आहे. पण त्याच्या पोटातील इंजिन आजही अमेरिकेहून येते, आणि तेथून पुरवठा रेंगाळला की आपल्या वायुदलाला वाट पाहत बसावे लागते. स्वदेशी ‘कावेरी’ इंजिनावर दशके खर्च होऊनही ते ‘तेजस’ला लाभलेले नाही. १९१४ मध्ये रंगाच्या पुडीसाठी अगतिक झालेल्या इंग्लंडची स्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती. धातूंचे मिश्रण, उष्णता सोसणारी पाती, सूक्ष्म विद्युत्-यंत्रणा या गोष्टी भाषणातून निर्माण होत नाहीत. त्यासाठी दहा-वीस वर्षे एका विषयाला वाहून घेणारे संशोधक लागतात, त्यांना सांभाळणारे उद्योग लागतात आणि अपयश पोटात घालून पुन्हा उभे करणारा समाज लागतो.

येथेच प्रत्येक कुटुंबाचा संबंध येतो. मुलाने परीक्षेत उत्तम गुण मिळविले की त्याला परदेशी नोकरीकडे नेणारी वाट दाखविली जाते. धातुशास्त्र, रसायन, वस्त्रविद्या अशा विषयांना दुय्यम समजले जाते. मग हेच घर संध्याकाळी स्वदेशीच्या घोषणा ऐकून टाळ्या वाजविते. या विसंगतीकडे बोट दाखविणे कटू असले तरी आवश्यक आहे. प्राचीन वैभवाचे स्मरण प्रेरणा देते, पण प्रयोगशाळेत रात्र जागविण्याचा पर्याय ते होऊ शकत नाही. धूपछाव विणणाऱ्या आणि निळीचे शास्त्र जाणणाऱ्या पूर्वजांचा खरा वारसा मिरवणुकीपेक्षा त्या ज्ञानाला पुढचे पाऊल देण्यात आहे.

जर्मनीच्या त्या कापडाने तीन गोष्टी शिकविल्या. विज्ञान आणि उद्योग यांची गाठ घट्ट असेल तर तागाचा साधा कपडाही शस्त्र बनतो. मूळ साधनांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारे राष्ट्र कितीही बलाढ्य भासले तरी आतून पोकळ असते. आणि मर्यादेचे भान सुटले की सर्वोत्तम तंत्रही राष्ट्राला विनाशाच्या कड्यापर्यंत नेते. भारताला हे तिन्ही धडे दुसऱ्याच्या अनुभवातून, स्वतःचे रक्त न सांडता घेता येतील, हे त्याचे भाग्य. हँगारच्या दफनभूमीत झोपलेल्या मुंबईच्या त्या तरुणाने मात्र आपले रक्त सांडले आहे. त्याच्या पिढीला उडण्यासाठी परक्यांचे पंख घ्यावे लागले. आजच्या पिढीने आपले पंख आपल्याच कापडाने मढवावेत आणि त्यांत आपलेच इंजिन बसवावे, हेच त्याचे खरे स्मारक ठरेल.